टॉवर वर किती गेला ते सोडा, खाली कसा टेकलाय ते बघा

एखाद्या जुन्या प्लॉटभोवती पत्रे लागले की आठवड्याभरात सगळ्या एरियाला कळतं की इथे टॉवर येतोय, आणि मग दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते बरं झालं, घरं वाढतील, एरिया सुधारेल. दुसरी म्हणते संपला आपला एरिया. गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, किती मजली आहे? बत्तीस? बेचाळीस? मला या विषयाचा बरीच वर्षं नाद आहे, जाईन तिथे टॉवरच्या पायथ्याशी दहा मिनिटं उभं राहून बघते, आणि माझं मत असं झालंय की मजल्यांचा आकडा ही त्यातल्या त्यात कमी कामाची माहिती आहे. नवा टॉवर जुन्या एरियात सामावणार की उपरा राहणार हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे तो जमिनीला कसा टेकतो, आणि दुसरी म्हणजे त्या जागेवर आधी कोण राहत होतं आणि त्यांचं काय केलं. हे दोन्ही नीट कळायला थोडं मागून सुरू करावं लागेल.

आधी, कॉन्डो म्हणजे नक्की काय

असे नवे टॉवर बऱ्याचदा कॉन्डो असतात, पण कॉन्डो हा शब्द उंचीचा नाहीये, मालकीचा आहे. चार भिंतींच्या आतला फ्लॅट तुमचा एकट्याचा, पण खालची जमीन, जिना, लिफ्ट, गच्ची, पाइप, बाहेरची भिंत हे सगळं सगळ्यांचं मिळून, आणि त्यात तुमचा एक न तोडता येणारा हिस्सा. आज आपल्याला हे इतकं सरळ वाटतं की यात काय सांगण्यासारखं असं वाटेल, पण जमीन विकत घेणं ही जुनी गोष्ट, तिसाव्या मजल्यावरच्या हवेतला एक तुकडा विकत घेऊन तो बँकेकडे गहाण ठेवणं ही तशी अलीकडची. अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिकोत १९५८ साली त्यासाठी कायदा झाला, १९६० मध्ये अमेरिकेच्याच युटा राज्यात, आणि १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये, तिथे याला स्ट्राटा म्हणतात.

याचा परिणाम असा झाला की अख्खी बिल्डिंग एकाच मालकाने भाड्याने चालवायची गरज उरली नाही. बिल्डर बांधतो, एकेक फ्लॅट विकतो, पैसे घेतो आणि पुढच्या प्लॉटवर जातो, मागे राहतात ते तीनशे-चारशे मालक, ज्यातले निम्मे एकमेकांना ओळखतही नाहीत. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्यावर परत येऊ.

आणि उंची शक्य झाली ती लिफ्टमुळे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर १८५७ मध्ये एका दुकानाच्या इमारतीत लिफ्ट बनवणाऱ्या ओटिस यांची माणसं नेणारी पहिली सुरक्षित लिफ्ट बसली. त्याआधी वरचा मजला म्हणजे गरिबाची खोली, कारण जिने चढायचे. लिफ्ट आली आणि सगळं उलटं झालं, जितकं वर तितकं महाग.

एफएसआय: मातीचा गोळा तोच, आकार वेगळा

बांधकामाच्या बातम्यांमध्ये हा शब्द सतत येतो. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करायला परवानगी आहे तो आकडा. प्लॉट १,००० चौरस मीटरचा आणि एफएसआय ३, म्हणजे सगळे मजले मिळून ३,००० चौरस मीटर. बस, इतकंच.

आता हा ३,००० चौरस मीटरचा मातीचा गोळा समजा. अख्ख्या प्लॉटवर पसरला तर तीन मजले होतात. अर्ध्या प्लॉटवर उभा केला तर सहा. पाव प्लॉटवर बारा. माती तेवढीच आहे, घरं तेवढीच, माणसं तेवढीच, फक्त गोळा ओढून लांब केलाय. म्हणून "बारा मजली म्हणजे बाप रे" असं कोणी म्हणालं की मी विचारते, एफएसआय किती आणि बाकीच्या पाऊण प्लॉटचं काय करणारेत? तिथे झाडं आणि बाकडी आहेत की गाड्या?

ही मोजणी आली तीही एका भांडणातूनच. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग नावाची सुमारे ४० मजली इमारत उभी राहिली, प्लॉटच्या जवळपास ३० पट बांधकाम आणि फुटपाथपासून सरळ उभी भिंत, कुठेही मागे सरकणं नाही. आजूबाजूच्या इमारतींचा उजेड गेला, लोक संतापले, आणि १९१६ मध्ये शहराने नियम केला की ठराविक उंचीनंतर इमारतीने पायरीपायरीने मागे सरकलं पाहिजे. त्या काळातल्या न्यूयॉर्कच्या इमारती पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात त्या यामुळे. पटीत मोजायची पद्धत त्याच शहरात १९६१ च्या नियमांत आली.

मग उंच म्हणजे दाट, असं नाही का?

नाही, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. पॅरिस बघा. शहराच्या हद्दीत दर चौरस किलोमीटरला २०,००० च्या आसपास माणसं राहतात, आणि बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्या. तिथे १९७३ मध्ये मोंपार्नास टॉवर पूर्ण झाला, २०० मीटरच्या वर उंच, लोकांना तो इतका खुपला की १९७७ मध्ये शहरात उंचीवर जास्तीत जास्त ३७ मीटरची मर्यादा आली. मधे काही भागात ती सैल केली आणि २०२३ मध्ये परत आवळली.

सहा मजल्यांत एवढी माणसं कशी मावतात? कारण तिथल्या इमारती एकमेकींना चिकटून, रस्त्याच्या कडेने, मधे चौक ठेवून उभ्या आहेत, वाया गेलेली जागा नाही. केंब्रिज विद्यापीठातले अभ्यासक लेस्ली मार्टिन आणि लायनेल मार्च यांनी हे गणित करून दाखवलं होतं की प्लॉटच्या मध्यभागी एक उंच खांब उभा करण्यापेक्षा तेवढंच बांधकाम कडेकडेने फिरवलं तर उंची कितीतरी कमी लागते.

मग सगळे सहा मजलेच का बांधत नाहीत? याचं उत्तर टॉवरच्या प्लॉटवर सापडत नाही, त्याच्या मागच्या गल्लीत सापडतं. कॅनडातल्या टोरंटोचं उदाहरण घ्या. तिथे कितीतरी वर्षं राहण्याच्या जागेपैकी मोठ्या भागावर फक्त एकेकट्या घरांनाच परवानगी होती. शहर वाढत होतं, माणसं येत होती, पण त्या घरांच्या गल्ल्यांना कोणी हात लावायचा नाही, मग सगळा भार उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांवर, मोठ्या रस्त्यांवर आणि मेट्रो स्टेशनांभोवती. फुग्याला चारी बाजूंनी दाबलं की जिथे बोट नाही तिथेच तो वर येतो, तसं. म्हणून चाळीस मजली टॉवर आणि त्याच्या पाठीला दुमजली घर असं विचित्र चित्र दिसतं. मे २०२३ मध्ये टोरंटोने शहरभर एका प्लॉटवर चार घरं बांधायला परवानगी दिली, म्हणजे गुंता कुठे आहे ते त्यांनाही कळलं होतं. टॉवर नको म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं, की मग माझ्या गल्लीत चार मजले चालतील का? कारण दोन्ही नको म्हटलं तर ती माणसं कुठेतरी दोन तास लांब राहायला जातात आणि रोज गाडीने येतात.

ऊन कोणाचं जातं

आता प्रत्यक्ष टॉवर शेजारी आल्यावर काय होतं ते. सावलीचं गणित सोपं आहे. सूर्य ४५ अंशांवर असेल तर १०० मीटर टॉवरची सावली १०० मीटर. सूर्य खाली गेला की सावली भराभर लांबते. टोरंटोत डिसेंबरमध्ये भर दुपारी सूर्य जेमतेम २३ अंशांवर असतो, तिथे त्याच टॉवरची सावली सुमारे २३५ मीटर पडते, म्हणजे दोन-तीन गल्ल्या पार. विषुववृत्ताजवळच्या शहरात दुपारची सावली पायाशीच असते आणि तिथे ती हवीहवीशीही असते, त्यामुळे सावली वाईटच असं जगभर सरसकट म्हणता येत नाही.

पण महत्त्वाचं वेगळंच आहे. सावली किती लांब यापेक्षा ती किती वेळ एका जागी थांबते हे बघायचं. सूर्य तासाला साधारण १५ अंश सरकतो. टॉवर २५ मीटर रुंद असेल तर १०० मीटर अंतरावरच्या बाकावरून त्याची सावली साधारण तासाभरात निघून जाते, घड्याळाच्या काट्यासारखी. तोच जर सव्वाशे मीटर रुंद, भिंतीसारखा आडवा आणि फक्त वीस मजली असेल तर त्याच बाकावर चार-पाच तास अंधार. म्हणजे बारीक उंच टॉवर कधी कधी जाडजूड बुटक्यापेक्षा शेजाऱ्यांना बरा पडतो. म्हणूनच टोरंटोच्या २०१३ च्या मार्गदर्शक नियमांत टॉवरच्या एका मजल्याचं क्षेत्र ७५० चौरस मीटरच्या आत ठेवा आणि दोन टॉवरमध्ये किमान २५ मीटर अंतर ठेवा असं सांगितलंय, म्हणजे बारीक राहा आणि सुटे राहा.

सॅन फ्रान्सिस्कोत तर १९८४ मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं की ४० फुटांहून उंच नव्या इमारतीने सार्वजनिक बागांवर सावली टाकायची तर आधी तपासणी होणार. बाग ही ज्यांना स्वतःची गच्ची-बाल्कनी नाही त्यांची उन्हाची जागा असते, त्यामुळे मला हा नियम फार आवडतो.

वारा: हा दिसत नाही म्हणून कोणी विचारत नाही

एकदा मी एका उंच, गुळगुळीत काचेच्या टॉवरच्या कोपऱ्यावर उभी होते. पलीकडच्या गल्लीत पानही हलत नव्हतं आणि इथे एका आजींच्या हातातली छत्री उलटी झाली, त्या भिंतीला पाठ लावून थांबल्या, पुढचं पाऊल टाकायला घाबरत होत्या. माझ्या हातातले कागद उडाले ते उडालेच. त्या टॉवरच्या चित्रात, म्हणजे विक्रीच्या चकचकीत चित्रात, त्याच कोपऱ्यावर टेबलं मांडून लोक निवांत बसलेले दाखवले होते.

हे का होतं? जमिनीजवळ घरं, झाडं यांच्यामुळे वारा अडखळत असतो, वर मोकळ्यात तो जोरात असतो. उंच भिंत मधे आली की वरचा हा जोरदार वारा तिच्यावर आपटतो आणि त्यातला बराचसा भिंतीवरून खाली घसरतो, धबधब्यासारखा. खाली पोचला की कोपऱ्यांवरून वळून बाहेर पडताना त्याचा वेग अजून वाढतो, पाइपच्या तोंडावर बोट ठेवल्यावर पाण्याची धार वाढते ना, तसं. दोन टॉवरच्या मधली अरुंद फट असेल तर विचारूच नका.

हा नुसत्या गैरसोयीचा विषय नाहीये. इंग्लंडमध्ये लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस नावाचा ३२ मजली टॉवर आहे, २०११ मध्ये तिथल्या वाऱ्याच्या झोताने एक लॉरी उलटली आणि पायी जाणाऱ्या माणसाचा जीव गेला. नंतर रस्त्यावरच वारा अडवणारे मोठे पडदे उभारावे लागले. लंडनच्या मध्यवर्ती सिटी भागाने २०१९ मध्ये उंच इमारतींसाठी वाऱ्याच्या तपासणीचे कडक नियम आणले.

उपाय मात्र जुना आणि साधा आहे, टॉवरच्या पायाशी रुंद बुटका भाग ठेवायचा आणि टॉवर त्याच्या कडेपासून थोडा आत सरकवायचा. मग वरून घसरलेला वारा त्या भागाच्या छतावर आपटतो, फुटपाथवरच्या माणसावर नाही. या बुटक्या भागाला पोडियम म्हणतात, आणि आता आपण खऱ्या मुद्द्यावर आलो.

खालचे चार मजले

चौथ्या मजल्यावरून खाली रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला हाक मारता येते, तो वर बघून हात करतो. चौदाव्या मजल्यावरून तो माणूस आहे की बाई हेही कळत नाही. म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्यासाठी टॉवर असतो तो चार-पाच मजल्यांचाच, बाकीचं आभाळाचा भाग. मान वर करून कोणी चालत नाही. माझा सगळा हट्ट यासाठीच आहे.

आता दोन टॉवर डोळ्यासमोर आणा, दोन्ही छत्तीस मजली, एफएसआय सेम. पहिल्याच्या खालचे पाच मजले पार्किंग. रस्त्याकडून दिसते ती लांबच लांब कोरी भिंत, मधे मधे जाळी, जाळीतून इंजिनाचा गरम वास, एक गाड्यांचा गेट, एक कचऱ्याचा गेट, आणि कुठेतरी कोपऱ्यात गार्ड बसलेली काचेची लॉबी. शंभर पावलं चालून जा, एक दार नाही, एक खिडकी नाही, थांबायला कारण नाही. संध्याकाळी बायका त्या बाजूने न जाता रस्ता ओलांडून पलीकडून जातात, मी मोजलंय. दुसऱ्याचं पार्किंग जमिनीखाली किंवा मागच्या बाजूला, आणि रस्त्याच्या कडेला दर सहा-सात मीटरवर एक दार. काही दारं छोट्या दुकानांची, काही घरांचीच, दोन पायऱ्या, एक कुंडी, कोणाची तरी सायकल. वरचा टॉवर मागे सरकलेला. तिथून चालताना छत्तीस मजले आहेत हे आठवतसुद्धा नाही.

हा दुसरा प्रकार कॅनडातल्याच व्हँकुव्हरने १९९० च्या दशकात पद्धतशीर राबवला. तिथे १९८६ चं जागतिक प्रदर्शन झालेली फॉल्स क्रीकची जागा मोकळी झाली होती, शहराचे नियोजनकार अट घालायचे की टॉवर बारीक पाहिजे, एकमेकांपासून ८० फूट लांब पाहिजे, आणि खाली रस्त्याला दार असलेली दुमजली-तिमजली घरं पाहिजेत, सोबत बाग आणि शाळा, समाजकेंद्र यांचा खर्चही बिल्डरकडून. डोंगर दिसत राहावेत म्हणून १९८९ मध्ये शहराने काही दिशा ठरवूनच टाकल्या की या रेषेत कोणी उंच जायचं नाही. जगभर लोक ते बघायला जातात. व्हँकुव्हरमध्ये घरं स्वस्त झाली असं मुळीच नाही, तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, पण रस्ते चालण्याजोगे राहिले.

टोरंटोच्या नियमांत एक फार उपयोगी प्रमाण आहे, पायथ्याचा भाग रस्त्याच्या रुंदीच्या ८० टक्क्यांहून उंच नको. २० मीटर रस्ता असेल तर पायथा १६ मीटर, म्हणजे चार-पाच मजले. रस्ता एक खोली समजा, दोन्ही बाजूच्या इमारती म्हणजे भिंती. भिंती फार बुटक्या तर खोली वाटत नाही, फार उंच तर विहीर वाटते.

दुकानांबद्दल एक. पोडियमखाली दुकानं दिलीत म्हणून बिल्डर कौतुक करून घेतात, पण गाळे केवढे आहेत ते बघा. अख्ख्या बाजूला एकच ४०० चौरस मीटरचा गाळा काढला तर तिथे बँक किंवा मोठी साखळीच येणार, कारण चपला शिवणाऱ्याला किंवा झेरॉक्सवाल्याला ते भाडं झेपत नाही. जुन्या एरियाचा जीव त्या छोट्या गाळ्यांमध्ये असतो. ३० चौरस मीटरचे गाळे ठेवले तर जुने दुकानदार परत यायची शक्यता तरी उरते.

"पण टॉवर आला की भाडी वाढतात ना?"

हा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि याचं उत्तर हो किंवा नाही इतक्या सोप्या शब्दात देणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय असं समजा.

लोकांना जे दिसतं ते खरं असतं. टॉवर आला, पाठोपाठ महागडी दुकानं आली, भाडी वाढली. १९६४ मध्ये लंडनमध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी याला जेंट्रिफिकेशन हा शब्द दिला, म्हणजे कामगार वस्तीत पैसेवाले येऊन हळूहळू मूळ लोक बाहेर पडणं. पण तेव्हा तिथे टॉवर नव्हते, जुनी घरंच दुरुस्त होत होती. १९७९ मध्ये नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने कारण सांगितलं: एखाद्या जमिनीवर आज मिळणारं भाडं आणि नवीन काही बांधलं तर मिळू शकणारं भाडं यातली दरी पुरेशी रुंद झाली की पैसा तिथे येतोच. म्हणजे टॉवर हे बऱ्याचदा तापाचं कारण नसून थर्मामीटर असतो. ताप आधीच चढलेला असतो.

दुसरी बाजू. नवीन महाग फ्लॅटमध्ये जो राहायला जातो तो आपलं जुनं घर रिकामं करतो, तिथे त्याच्याहून थोडा कमी कमावणारा येतो, त्याचं घर तिसऱ्याला. लोकल ट्रेनमध्ये खिडकीजवळचा उठला की सगळी बाकं एकेक सरकतात, तसं. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या रहिवासी नोंदी तपासून केलेल्या आणि २०२३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की शहराच्या मध्यात १०० नवी बाजारभावाची घरं झाली की या साखळीतून उत्पन्नाने खालच्या निम्म्यात येणाऱ्या वस्त्यांमध्ये साठ-पासष्ट घरं मोकळी होतात. अमेरिकेत अॅस्क्विथ, मास्ट आणि रीड या अर्थतज्ज्ञांनी गरीब वस्त्यांमधल्या नव्या मोठ्या इमारतींच्या अगदी आसपासची भाडी तपासली, तर ती थोड्या लांबच्या घरांच्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी कमी निघाली.

तुलनेत हा शब्द नीट वाचा. भाडी खाली आली असं नाही, इमारत झाली नसती तर जितकी वाढली असती त्यापेक्षा कमी वाढली. ज्याचं भाडं तरीही वाढलंय त्याला हे सांगून समाधान होत नाही आणि का व्हावं? दुसरं, ही साखळी पूर्ण शहरात फिरते आणि वेळ घेते. तुमच्या गल्लीतल्या ज्या कुटुंबाला पुढच्या महिन्यात घर सोडायचंय, त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही.

म्हणून दुसरा प्रश्न: आधी तिथे कोण होतं

रिकाम्या पार्किंग लॉटवर, बंद पडलेल्या गोडाऊनवर टॉवर आला तर कोणी बेघर झालं नाही, फक्त घरं वाढली. चाळीस भाडेकरू कुटुंबं राहत असलेली जुनी तीन मजली इमारत पाडून आला तर चाळीस घरं आधी गेली, आणि ती एरियातली सगळ्यात स्वस्त घरं होती. बाहेरून दोन्ही टॉवर अगदी सारखे दिसतील, पण त्या दोन्हीला एकच शब्द वापरून भांडणं मला पटत नाही.

याला नियम करता येतात. टोरंटोत सहा किंवा जास्त भाड्याची घरं असलेली इमारत पाडायची तर नव्या इमारतीत तेवढी भाड्याची घरं परत द्यावी लागतात, आणि जुन्या भाडेकरूंना साधारण त्याच भाड्यात परत येण्याचा हक्क असतो. पण मधली तीन-चार वर्षं ते कुठे राहतात, मुलांची शाळा बदलते का, म्हातारी माणसं परत येईपर्यंत असतात का, हे नियमाच्या कागदात मावत नाही. परत येण्याचा हक्क असणं आणि खरंच परत येणं यात खूप अंतर असतं.

"लोक फ्लॅट घेतात आणि बंद ठेवतात"

काही ठिकाणी खरं आहे. व्हँकुव्हरने २०१७ पासून रिकाम्या घरांवर मूल्याच्या १ टक्का कर लावला, २०२१ साठी तो ३ टक्के केला. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती आधीची पायरी. टोरंटोत बँका साधारण ७० टक्के फ्लॅट आधीच बुक झाल्याशिवाय बांधकामाला कर्ज देत नाहीत. नुसत्या नकाशावर, चार-पाच वर्षांनी मिळणारं घर कोण बुक करतं? दोन मुलं असलेलं कुटुंब नाही, त्यांना घर आत्ता पाहिजे. बुक करतो गुंतवणूकदार, आणि त्याला पाहिजे लहानात लहान फ्लॅट, पटकन भाड्याने जाणारा, पटकन विकला जाणारा. म्हणून टॉवर भरतात एका खोलीच्या फ्लॅटने, आणि मग आपण म्हणतो की कुटुंबं का येत नाहीत एरियात. २०२२ पासून कॅनडात व्याजदर चढले, ०.२५ वरून २०२३ च्या जुलैपर्यंत ५ टक्के, गुंतवणूकदार बाजूला झाला आणि २०२४ मध्ये टोरंटोत नव्या कॉन्डोंची विक्री कित्येक दशकांच्या नीचांकावर गेली. घरांची गरज तशीच होती पण बांधकामं थांबली.

पाणी, गटार, ट्रॅफिक

पाणी दर १० मीटर चढवायला साधारण १ बार दाब लागतो, रस्त्याच्या पाइपातला दाब काही मजल्यांपर्यंतच पुरतो, वर पंप आणि मधल्या टाक्या. हे बिल्डर सांभाळतो. गटार आणि शाळा मात्र एरियाची असतात, तिथे विचारायचं की एकाच पट्ट्यात असे किती टॉवर मंजूर झालेत, एकेकट्या टॉवरचा अहवाल नेहमी ठीकच दिसतो. ट्रॅफिक माणसांपेक्षा पार्किंगवर अवलंबून असतं, स्टेशनला लागून असलेल्या टॉवरला प्रत्येक फ्लॅटमागे दोन पार्किंग दिली तर दोन गाड्या येणारच. टोरंटोने डिसेंबर २०२१ मध्ये नव्या घरांसाठी किमान पार्किंगची सक्ती जवळपास काढूनच टाकली.

चाळीस वर्षांनंतर

सुरुवातीला म्हटलं होतं ना, बिल्डर जातो आणि शेकडो मालक मागे राहतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १२ मजली कॉन्डो इमारत होती, १९८१ ची. २०१८ मध्ये इंजिनिअरने लिहून दिलं होतं की स्विमिंग पूलभोवतीच्या डेकखालच्या स्लॅबचं मोठं नुकसान झालंय. दुरुस्तीचा अंदाज पुढे दीड कोटी डॉलरपर्यंत गेला, कोणी किती द्यायचे यावर मालकांमध्ये वाद चालले, आणि २४ जून २०२१ ला मध्यरात्रीनंतर इमारतीचा मोठा भाग कोसळला. ९८ माणसं गेली. २०२२ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला की तीन किंवा जास्त मजल्यांच्या जुन्या कॉन्डो इमारतींची ३० वर्षांनी तपासणी झालीच पाहिजे आणि दुरुस्तीचा फंड बाजूला ठेवलाच पाहिजे.

विक्रीच्या वेळी मेंटेनन्स मुद्दाम कमी दाखवतात, फ्लॅट लवकर जावा म्हणून. लिफ्ट, काचेची बाहेरची भिंत, पंप, हे सगळं वीस-पंचवीस वर्षांत एकदम म्हातारं होतं आणि चाळीस मजल्यांवर काच बदलणं म्हणजे चार मजल्यांसारखं शिडी लावून होत नाही. तोपर्यंत पहिले खरेदीदार विकून गेलेले असतात आणि बिल त्यांच्यावर येतं ज्यांनी जुना म्हणून स्वस्तात घेतला. म्हणजे एरियात टॉवर पन्नास वर्षं नीट राहणार की पंचविसाव्या वर्षी ताडपत्री लावून उभा राहणार, हे खरं तर पहिल्या वर्षीच्या मेंटेनन्सच्या आकड्यात लिहिलेलं असतं.

हरकती मागवल्या तर काय मागायचं

मजले कमी करा म्हणून अर्ज देण्याआधी तळमजल्याचा नकाशा मागा आणि त्यावर रस्त्याकडे उघडणारी दारं बोटाने मोजा, ते पाच मिनिटांचं काम आहे. वाऱ्याचा अहवाल मागा, त्यात कोपऱ्यांवर आणि बसस्टॉपजवळ काय लिहिलंय ते वाचा. पाडायच्या इमारतीत आज किती भाडेकरू आहेत आणि त्यांच्याशी लेखी काय ठरलंय ते विचारा, तोंडी नको. आणि सावलीचे नकाशे दाखवतील तेव्हा तारीख बघा. कर्कवृत्ताच्या उत्तरेच्या शहरांत २१ जूनची सावली वर्षातली सगळ्यात आखूड असते आणि दाखवायला तीच काढतात, तुम्ही २१ डिसेंबरची, सकाळी दहाची आणि दुपारी तीनची मागा.